सौर वीज आणि राष्ट्रीय वीजजाळे

(विद्यालयाच्या स्मृतिव्याख्यानमालेत ग्वाल्हेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच वर्गात बसलेल्या एका विद्यार्थ्याला तिचे एक पुष्प गुंफण्याची संधी आपण दिलीत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. तानसेनाच्या या नगरीत संगीत, इतिहास आणि साहित्य या विषयांना व्यासपीठावर अग्रमान मिळावा हे स्वाभाविकच आहे. त्या मानाने वीज हा विषय रूक्ष. परंतु गुरुजी विज्ञान शिकवीत असत, आणि जी वस्तू आपण रोज वापरतो ती आपल्यापर्यंत कोठून व कशी येते, हे विचारल्याशिवाय शिक्षण पुरे होत नाही, अशी त्यांची धारणा होती. मी स्वतः नोकरीची वर्षे वीज पारेषणाच्या कामात काढली. तेव्हा जे मला थोडेफार कळते तेच आपल्यापुढे मांडावे, हे बरे.

विषय निवडण्याचे आणखी एक कारण आहे. आपले शहर देशाच्या वीजजाळ्याच्या नकाशावर एका विशेष जागी आहे. मध्य प्रदेश पश्चिम विभागाच्या जाळ्यात मोडतो आणि येथून उत्तरेला, आग्र्यापासून, उत्तर विभागाचे जाळे सुरू होते. ग्वाल्हेर हा या दोन जाळ्यांचा सांधा आहे. सौर ऊर्जेचा प्रश्न समजून घ्यायचा तर सांध्यावर उभे राहून पाहणे सोयीचे असते, कारण जाळ्यावर ताण आला की तो प्रथम सांध्यावर दिसतो.

सूर्याची नवी उपासना

ग्वाल्हेरला सूर्य नवा नाही. सहाव्या शतकात हूण राजा मिहिरकुल याच्या राजवटीच्या पंधराव्या वर्षी मातृचेट नावाच्या एका गृहस्थाने या गोपगिरीवर सूर्याचे मंदिर बांधले, असे सांगणारा शिलालेख किल्ल्यावर सापडलेला आहे. सूरजकुंड आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत, आणि मुरारच्या बाजूचे सूर्यमंदिर १९८८ सालचे आहे. मंदिर एका माणसाच्या श्रद्धेतून उभे राहू शकते. विजेच्या रूपाने सूर्य घरोघर पोचवायचा झाला, तर मात्र अनेक राज्ये, अनेक संस्था आणि कोट्यवधी ग्राहक यांचा मेळ बसावा लागतो. माझे आजचे सारे म्हणणे या मेळाविषयीच आहे.

प्रथम आजवरच्या वाटचालीकडे पाहू. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवले होते, आणि तेही अनेकांना धाडसाचे वाटले होते. २०१५ साली ते वाढवून १,००,००० मेगावॅट केले गेले. हा टप्पा देशाने जानेवारी २०२५ मध्ये ओलांडला. म्हणजे ठरल्यापेक्षा काहीसा उशिरा, पण ओलांडला. आपल्या राज्याचा यात मोठा वाटा आहे. नीमच जिल्ह्यात २०१४ साली १३० मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. रीवा येथील ७५० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये लिलाव झाला, तेव्हा पहिल्या वर्षाचा दर युनिटमागे २ रुपये ९७ पैसे इतका खाली आला. सौर वीज ही श्रीमंतांची हौस आहे, हा समज त्या दिवशी मोडला. जुलै २०२० मध्ये या प्रकल्पाचे राष्ट्रार्पण झाले; त्याच्या विजेचा सुमारे चौथा हिस्सा दिल्ली मेट्रोला जातो आणि उरलेला आपल्या राज्याला मिळतो.

येथे एका भेदाकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो. स्थापित क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष निर्माण झालेली वीज वेगळी. एक मेगावॅटचा संच वर्षभर अहोरात्र पूर्ण शक्तीने चालला, तर ८७ लाख ६० हजार युनिट वीज देईल. सौर प्रकल्प रात्री चालत नाही आणि सकाळ-संध्याकाळ मंद असतो. म्हणून त्याच्याकडून साधारणपणे याच्या एक-पंचमांश, म्हणजे सोळा-सतरा लाख युनिट मिळतात. २०२५ च्या मध्यास देशाच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू आदी खनिज इंधनांवाचून चालणारी झाली. तरीही २०२४-२५ या आर्थिक वर्षात ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासूनच मिळाली. या दोन आकड्यांतील अंतर ध्यानात न घेता केलेली चर्चा बहुधा उत्सवाची किंवा निराशेची होते. विचाराची होत नाही.

३० जुलै २०१२ : ग्वाल्हेरच्या वाटेवर

आता मी आपल्याला सौर ऊर्जेपासून थोडे दूर, पण ग्वाल्हेरच्या अगदी जवळ नेतो.

३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बीना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडली आणि पाठोपाठ उत्तर भारताचे संपूर्ण वीजजाळे कोसळले. त्या वेळी त्यावर सुमारे ३६,००० मेगावॅटचा भार होता. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, दुपारी एकच्या सुमारास पुन्हा हीच वाहिनी सुटली आणि या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग अंधारात गेले. सुमारे ४८,००० मेगावॅटचा भार गेला. ज्या प्रदेशात साठ कोटींवर लोक राहतात त्या प्रदेशाची वीज गेली. आगगाड्या जागच्या जागी थांबल्या, दिल्लीची मेट्रो थांबली, पश्चिम बंगालमधील कोळशाच्या खाणींत उतरलेले कामगार काही तास खाली अडकून पडले.

असे का घडले? वीज कमी होती म्हणून, असे आजही पुष्कळांना वाटते. पण पश्चिमेकडे त्या वेळी पावसामुळे मागणी उतरलेली होती आणि वीज हाताशी होती. उत्तरेकडे पाऊस लांबला होता, भाताला पाणी हवे होते, उकाडा होता. तेथील राज्ये आपल्या ठरलेल्या वाट्याहून जास्त वीज ओढत होती. पश्चिमेची वीज उत्तरेकडे जाण्याची मुख्य वाट बीना–ग्वाल्हेर–आग्रा ही होती. या वाटेवरील बीना–ग्वाल्हेर दरम्यानची दुसरी वाहिनी अधिक दाबासाठी, म्हणजे ७६५ किलोव्होल्टसाठी, सज्ज करण्याच्या कामास्तव बंद ठेवलेली होती. उरलेल्या एका वाहिनीवर एवढा भार आला की तिच्या संरक्षक यंत्रणेने त्या भारालाच दोष समजून वाहिनी तोडली. वाहिनीवर प्रत्यक्षात कोणताही बिघाड झालेला नव्हता. मग ती वीज पूर्वेकडील लांबच्या वाटेने उत्तरेत शिरू पाहू लागली, तो भार त्या वाटेलाही सोसला नाही, आणि उत्तर विभाग एकाकी पडून कोसळला.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील चौकशी समितीने जी कारणे नोंदवली, त्यांचे सार तीन गोष्टींत सांगता येईल. आंतरविभागीय वाटा त्या वेळी दुर्बल झालेल्या होत्या. जादा वीज ओढणे थांबवा, या सूचनांना राज्यांच्या केंद्रांनी पुरेसा प्रतिसाद दिला नाही. आणि संरक्षक यंत्रणेने भार व दोष यांत गल्लत केली. विजेचा तुटवडा हे या घटनेचे मूळ नव्हते. वीज असणे आणि वीज पोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा देशाला आपल्या ग्वाल्हेरच्या वाटेने शिकवला. सौर ऊर्जेच्या विस्ताराची अडचण आज नेमकी हीच आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

जाळ्याचा तोल

जाळे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. विजेचे जाळे हे धान्याचे कोठार नव्हे. त्यात वीज साठून राहत नाही. या क्षणी जेवढी मागणी, तेवढीच निर्मिती याच क्षणी व्हावी लागते. हा तोल सांभाळला जातो आहे की नाही, हे वारंवारितेवरून कळते. ती सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ असली पाहिजे. मागणी वाढली आणि निर्मिती मागे पडली की ती घसरते. उलट झाले की चढते. आज ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात राखावी असा नियम आहे. १९९० च्या दशकात ती ४९ च्याही खाली जात असे आणि पंखे मंद फिरत, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. त्यानंतर विभागांची जाळी एकेक करून जोडली गेली. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर विभाग उर्वरित जाळ्याशी एकतालात आला, आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनी सुरू होऊन दक्षिण विभागही सामील झाला. सोलापूरच्या त्या वाहिनीने काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच वारंवारिता प्रस्थापित केली.

औष्णिक किंवा जलविद्युत केंद्रात शेकडो टन वजनाचे चक्र फिरत असते. एखादा संच अचानक बंद पडला तर उरलेल्या सर्व चक्रांच्या गतीत साठलेली ऊर्जा पहिल्या काही क्षणांत तोल सावरते. बैलगाडीपेक्षा भरलेली मालगाडी थांबवणे अवघड, तसे हे जडत्व. सौर पट्ट्यांत फिरणारे काहीच नाही. त्यांची एकदिश वीज इन्व्हर्टर नावाच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणातून प्रत्यावर्ती होऊन जाळ्यात जाते. बहुतेक इन्व्हर्टर जाळ्यातील वारंवारिता पाहून तिच्यामागे चालतात. स्वतः ताल धरत नाहीत. म्हणून सौर वीज जसजशी वाढते, तसतसे ताल धरण्याचे काम कोणी करायचे हा प्रश्न तीव्र होतो. स्वतः ताल धरणारे इन्व्हर्टर, बॅटरी आणि विद्युतदाब सांभाळणारी उपकरणे हे त्याचे उत्तर आहे. पण ते विकत घ्यावे लागते, आपोआप मिळत नाही.

२८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन्ही देश अंधारात गेले. त्या वेळी स्पेनमधील निर्मितीत सौर विजेचा वाटा अर्ध्याहून अधिक होता. लगेच सूर्याला दोष देणारे पुढे आले. चौकशीत दिसले ते असे की जाळ्यातील विद्युतदाब वाढत गेला, तो आवरण्याची व्यवस्था अपुरी पडली आणि एकामागून एक केंद्रे सुटत गेली. दाब आवरण्याची जबाबदारी ज्या पारंपरिक केंद्रांवर होती, त्यांनीही ती पुरेशी पार पाडली नाही, असे तेथील शासनाच्या अहवालाने म्हटले. म्हणजे ग्वाल्हेरच्या वाटेवरचा दोष सूर्याचा नव्हता, तसा तेथलाही नव्हता. दोन्ही ठिकाणी निर्मितीच्या मानाने व्यवस्था मागे राहिली होती.

सूर्याची वेळ आणि आपली वेळ

दुसरी अडचण वेळेची. सौर वीज दुपारी सर्वाधिक असते. घरांतील दिवे, पंखे, कूलर आणि स्वयंपाकघरे यांची मागणी संध्याकाळी एकदम वर येते, नेमकी सूर्य मावळतो तेव्हा. दोन-तीन तासांत सौर वीज पूर्ण शक्तीवरून शून्यावर येते आणि तेवढी वीज दुसरीकडून उभी करावी लागते. आपला देश पूर्व-पश्चिम एवढा पसरलेला आहे की अरुणाचल आणि कच्छ यांच्या सूर्यास्तात सुमारे दोन तासांचे अंतर पडते. राष्ट्रीय जाळ्याचा हा एक लाभच आहे. पण त्या दोन तासांनंतर रात्र सर्वत्र सारखीच.

३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २,५०,००० मेगावॅटवर गेली, आणि ती भागवण्यात दुपारच्या सूर्याने मोठा हात दिला. उन्हाळ्याच्या दुपारी सूर्य आपला मित्र आहे. त्याच दिवसांची रात्र मात्र कोळशावर आणि पाण्यावर अवलंबून असते. कोळशाचे संच दुपारी मंद करावेत आणि संध्याकाळी भराभर चढवावेत, अशी अपेक्षा आता केली जाते. २०२३ च्या नियमांनुसार या संचांनी क्रमाक्रमाने आपल्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत खाली उतरण्यास समर्थ व्हायचे आहे. ज्या बॉयलरची रचनाच अखंड चालण्यासाठी झाली, त्याला रोज असा चढउतार करावयास लावणे म्हणजे त्याचे आयुष्य झिजवणे होय. ही झीजही सौर विजेच्या खऱ्या किमतीत धरली पाहिजे.

आपल्या भागाची स्वतःची काही वैशिष्ट्ये आहेत. सिलिकॉनच्या पट्टीचे तापमान २५ अंशांपलीकडे दर अंशाने वाढले की तिची शक्ती सुमारे ०.४ टक्क्याने कमी होते. मे महिन्यात येथे हवा ४५ अंशांवर जाते तेव्हा पट्टी ६५ अंशांपर्यंत तापते. म्हणजे सहावा हिस्सा शक्ती केवळ उष्णतेने जाते. त्यावर लूबरोबर येणारी धूळ बसते, ती धुण्यास पाणी लागते, आणि पाण्याची चणचण नेमकी त्याच दिवसांत. जानेवारीत दाट धुके पडते तेव्हा दुपारपर्यंत निर्मिती रेंगाळते. ऊन भरपूर म्हणजे वीज भरपूर, हे समीकरण इतके सरळ नाही.

साठवण

मग दुपारची वीज संध्याकाळसाठी ठेवता येणार नाही काय? येते. त्याचा जुना मार्ग पाण्याचा आहे. दुपारी पाणी वरच्या जलाशयात चढवावयाचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करावयाची, याला उदंचन म्हणतात. महाराष्ट्रात घाटघर येथे २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे. आपल्या राज्यात गांधीसागरावर १,४४० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पाची उभारणी हाती घेण्यात आलेली आहे. नर्मदेवरील इंदिरा सागरसारखे १,००० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र दुपारी थांबवून संध्याकाळी चालवले, तरी तीही एक साठवणच झाली.

पाण्याच्या चपळतेची परीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी झाली. त्या रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवण्यात आले आणि मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॅटने उतरून पुन्हा चढली. त्या काळात जलविद्युत निर्मिती सुमारे १७,५०० मेगावॅटने खाली आणून परत वर नेली गेली, आणि जाळे अबाधित राहिले. भार प्रेषण केंद्रातील अभियंत्यांनी त्या रात्री जे केले, त्याचे कौतुक वृत्तपत्रांत फारसे झाले नाही. जाळे चालू राहिले की ते कोणाच्या लक्षात येत नाही, हेच त्या कामाचे भाग्य आणि दुर्भाग्य.

दुसरा मार्ग बॅटरीचा, आणि त्याची सर्वांत जवळची खूण शेजारच्या मुरैन्यात आहे. तेथील सौर उद्यानासाठी २०२५ साली झालेल्या लिलावात, दिवसाच्या विजेबरोबरच सकाळ-संध्याकाळच्या वाढीव मागणीच्या वेळीही बॅटरीतून वीज पुरवण्याच्या अटीवर, युनिटमागे २ रुपये ७० पैसे असा दर आला. रीव्याच्या लिलावात केवळ उन्हातल्या विजेला जो दर पडला, त्याहून कमी दरात आता संध्याकाळही मिळू पाहते आहे. हा दर प्रत्यक्षात उतरल्यावरच त्याचे मोल ठरेल. पण दिशा स्पष्ट आहे.

वाटेचा प्रश्न

सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. अतिउच्च दाबाची वाहिनी उभारण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो, कारण तिला शेकडो गावांच्या जमिनींतून, जंगलांतून आणि रेल्वेमार्गांवरून जावे लागते. म्हणून पट्ट्या तयार आणि वाट अपुरी, अशी स्थिती येते. राजस्थानात २०२५ साली भर दुपारी सौर प्रकल्पांना निर्मिती कमी करण्याचे आदेश द्यावे लागले. त्याच वर्षी लिलावात दिलेल्या ४०,००० मेगावॅटहून अधिक अक्षय ऊर्जेला वीज खरेदीचे करार मिळत नसल्याचे समोर आले. दुपारची वीज घेण्यास राज्ये उत्सुक नाहीत; त्यांना संध्याकाळची हवी आहे.

वाटेच्या प्रश्नात निसर्गाचाही पक्ष आहे. पश्चिम राजस्थानातील उघड्या तारांना आदळून माळढोक पक्षी मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. हा वाद येथे बसून परका वाटू नये. आपल्या जिल्ह्यातील घाटीगाव आणि शेजारच्या शिवपुरीतील करैरा ही अभयारण्ये याच पक्ष्यासाठी होती. आपण त्याला सोनचिरैया म्हणतो, आणि तो येथून केव्हाच नाहीसा झाला. स्वच्छ विजेसाठी उरलेलाही गमवावा काय, हा प्रश्न विकासविरोधी नाही. वाहिनी कोठून न्यावी, याचा विचार प्रकल्पाच्या आधी झाला पाहिजे एवढाच त्याचा अर्थ.

शेतकऱ्याची रात्र

या साऱ्यात मनुष्याचे काय लागलेले आहे, हे सांगावयाचे तर गव्हाच्या शेताकडे पाहावे. आपल्या राज्यात शेतीला दिवसातून दहा तास वीज देण्याचे धोरण आहे. त्यातले काही तास रात्रीचे येतात. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत, धुक्यात, चिखलात उभे राहून पाणी फिरवणारा शेतकरी चंबळच्या पट्ट्यात नवा नाही. शहराची संध्याकाळची मागणी भागावी म्हणून त्याची वेळ रात्रीवर ढकलली गेली. सौर वीज हा अन्याय दूर करू शकते, कारण तिची वेळ दिवसाची आहे. दुपारी शेतात पाणी भरले की ते पाणीच साठवण झाले. त्याला बॅटरी लागत नाही. मागणीच सूर्याकडे वळवणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

केंद्राची कुसुम योजना २०१९ ची, आणि महाराष्ट्रातील मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. गावाच्या उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्या दिवसा चालवाव्यात, हे त्यामागील सूत्र आहे. या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे २०२४ साली सुरू झाला. अशा छोट्या प्रकल्पांना लांबच्या वाहिन्यांची गरज कमी, हा त्यांचा मोठा गुण. मात्र एक सावधगिरी हवी. दिवसा फुकट चालणारा पंप भूजलाचा तळ गाठू शकतो. विजेचा प्रश्न सोडवताना पाण्याचा प्रश्न निर्माण झाला, तर शेतकऱ्याच्या पदरात काय पडले?

खर्च कोणाचा

शेवटचा प्रश्न न्यायाचा आहे. फेब्रुवारी २०२४ पासून एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पट्ट्या बसवण्याची योजना सुरू आहे आणि तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ज्याच्या मालकीचे छप्पर आहे त्याचे बिल उतरते, चांगलेच आहे. परंतु लष्करातील जुन्या वाड्यांत चार-चार बिऱ्हाडे राहतात, छप्पर कोणा एकाचे नसते, आणि भाडेकरूला तर तेही नसते. छप्परवाला दिवसा जाळ्याला वीज देतो आणि रात्री तेच जाळे वापरतो. खांब, तारा, रोहित्रे आणि कर्मचारी यांचा खर्च त्याच्या बिलातून कमी झाला तर तो अखेर छप्पर नसलेल्याच्या बिलात जातो. छपरावरील पट्ट्यांना माझा विरोध नाही. पण जाळ्याचा खर्च सर्वांनी उचलावा आणि बिनछपरांच्या कुटुंबांसाठी सामायिक सौर प्रकल्पांत वाटा असावा, असे मला वाटते. दुपारी स्वस्त आणि संध्याकाळी महाग अशा वेळेनुसार दराचे नियम २०२३ साली झाले, हे योग्यच. मात्र जो दिवसभर कामावर असतो आणि संध्याकाळीच घरी येतो, त्याचाही विचार दर ठरवणाऱ्यांनी करावा.

सांध्यावरचे शहर

२०१२ साली या सांध्यावर काय घडले ते मी सांगितले. राज्ये आपापल्या बाजूला ओढत होती आणि एक वाट सर्वांचा भार सोसत होती. आज त्याच परिसरात, मुरैन्यात, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश यांच्या संयुक्त सौर प्रकल्पाची आखणी झालेली आहे. मध्य प्रदेशाला रब्बीच्या पाण्यासाठी हिवाळ्यात वीज अधिक लागते, उत्तर प्रदेशाला उन्हाळ्यात आणि भाताच्या हंगामात. म्हणून वर्षाचे सहा महिने एकाने आणि सहा महिने दुसऱ्याने ही वीज घ्यावी, अशी ती कल्पना आहे. ती पूर्ण यशस्वी होईल की नाही, हे आज कोणी सांगू नये. परंतु ओढण्याऐवजी वाटून घेणे हे तिचे तत्त्व आहे, आणि राष्ट्रीय जाळ्याचा पाया याहून वेगळा असू शकत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, पुढील काळात आपण सौर प्रकल्पांच्या अनेक घोषणा ऐकाल. मेगावॅटचे मोठे आकडे सांगितले जातील. प्रत्येक वेळी तीन साधे प्रश्न विचारा. ही वीज कोणत्या वाहिनीने जाणार? ती कोणत्या वेळी मिळणार? आणि तिच्यासाठी लागणाऱ्या वाटेचा व साठवणीचा खर्च कोण देणार? ज्या घोषणेला या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता येतील तिचे स्वागत करा, आणि जिला देता येणार नाहीत तिला ती द्यावयास लावा. आपल्यापैकी काहींनी पारेषणाच्या, भार प्रेषणाच्या आणि साठवणीच्या अभियांत्रिकीकडे वळावे अशीही माझी इच्छा आहे. पट्ट्या बसवणारे हात देशाला पुष्कळ मिळतील. तोल सांभाळणारी माणसे थोडी आहेत.

 गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी माझे व्याख्यान पुरे करतो.